सेरेब्रल पाल्सी: सोलापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातून, आणि बार्शी, अक्कलकोट, सांगोला, करमाळ्याकडून पालक आणि स्वतः सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेली मोठी माणसं फिजिओथेरपीच्या टेबलाशी आणि फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तिथून सुरुवात करा.

१. सीपी म्हणजे नेमकं काय? हा पोलिओचाच प्रकार आहे का?

नाही. पोलिओ हा विषाणूमुळे होतो आणि त्यात पाय लुळा पडतो. सीपीत मेंदू घडत असतानाच, म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा होते. हातपाय जन्मतः धडधाकट असतात, त्यांना मेंदूकडून मिळणारा निरोप चुकीचा येतो. म्हणून दहातल्या आठ मुलांमध्ये स्नायू लुळे न पडता ताठ होतात. काहींच्या हातपायांना आपोआप पीळ पडतो किंवा वळवळ होते, थोड्यांचा तोल जातो, काहींत हे सगळं मिसळलेलं असतं.

मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. तिच्यामुळे हाडं, सांधे, स्नायू यांवर होणारा परिणाम मात्र वाढत जाऊ शकतो, आणि तो बराचसा रोखता येतो. या पानावरची निम्मी उत्तरं त्याविषयीच आहेत. भारतातल्या पाहण्यांत हजार मुलांमागे साधारण तीन मुलांना सीपी आढळते. ती संसर्गजन्य नाही. आणि ‘सीपी म्हणजे मतिमंद’ हे खरं नाही: जवळपास निम्म्या मुलांची बुद्धी शाबूत असते.

२. माझं काय चुकलं? सासूबाई म्हणतात, ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं.

ग्रहणाचा काही संबंध नाही. सुरी-विळी हातात घेतल्याने, जिने चढल्याने, दिवस गेलेले असताना मन उदास राहिल्याने सीपी होत नाही. हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा.

खरी कारणं अशी: दिवस भरायच्या आधी जन्म, खूप कमी वजन, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, जन्मानंतर डोक्यात चढलेली कावीळ, मेंदूज्वर, गर्भातला संसर्ग, गर्भात मेंदूची घडण बिघडणं, बाळाच्या मेंदूत रक्ताची गुठळी, आणि काही वेळा जनुकातला दोष. लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ साली या आजाराची सांगड अवघड बाळंतपणाशी घातली. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी, ते तेव्हा मेंदूविकाराचे डॉक्टर होते, उलटा मुद्दा मांडला: बिघाड बऱ्याचदा गर्भातच झालेला असतो आणि त्यामुळेच बाळंतपण अवघड जातं. आजच्या संशोधनाने फ्रॉइड यांच्या म्हणण्याला मोठा आधार दिला आहे. आपल्याकडे मात्र बाळ उशिरा रडणं आणि कावीळ दुर्लक्षित राहणं ही कारणं श्रीमंत देशांपेक्षा जास्त दिसतात, आणि ती टाळता येण्यासारखी आहेत (प्रश्न १८).

विडी वळणाऱ्या आया विचारतात, ‘तंबाखूमुळे झालं का?’ एका बाळाकडे बोट दाखवून कुणीच तसं सांगू शकत नाही. मिश्री लावल्याने आणि तंबाखू खाल्ल्याने बाळाचं वजन कमी भरतं, लवकर बाळंत होण्याचा धोका वाढतो, हे मुंबईतल्या अभ्यासातही दिसलं आहे. तेव्हा पुढच्या खेपेला मिश्री बंद. मागच्यासाठी स्वतःला कोसत बसू नका.

३. बाळ सात महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबू, वर्षभराने बघू. थांबायचं का?

थांबू नका. २०१७ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून जे पुरावे मांडले, त्यांनुसार बाळाच्या नैसर्गिक हालचालींचा व्हिडिओ, डॉक्टरांनी हाताने करायची एक ठरावीक न्यूरो तपासणी आणि एमआरआय यांच्या जोरावर सहा महिन्यांच्या आतही सीपी बऱ्यापैकी खात्रीने ओळखता येते. खात्री झाली नसेल तरी ‘सीपीचा धोका आहे’ एवढ्यावर व्यायाम सुरू करता येतात. मेंदू सर्वांत जास्त शिकतो तो काळ ‘बघू’ म्हणण्यात घालवायचा नसतो.

घरी लक्ष ठेवायच्या खुणा: चार महिन्यांनंतरही मान न धरणं, मुठी सतत आवळलेल्या आणि अंगठा मुठीच्या आत, नऊ महिन्यांनंतरही न बसणं, लंगोट बदलताना मांड्या न फाकणं, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणं. आणखी एक खूण आहे, तिचं घरात कौतुक होतं म्हणून ती हातची सुटते: वर्षाच्या आतच बाळ फक्त एकाच हाताने खेळणं उचलतं आणि सगळे म्हणतात, ‘डावखुरा होणार!’ वर्षाच्या आत हात ठरत नाही. दुसरा हात का वापरत नाही, ते तपासून घ्या.

बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल तर वय मोजताना ते आठवडे वजा करा. आशाताई घरी येतात तेव्हा या खुणा त्यांना सांगा. २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी आणि पुढची पाठवणी मोफत होते. अंगणवाडीतून किंवा थेट सिव्हिलच्या बालरोग विभागातून सुरुवात करता येते.

४. एमआरआय नॉर्मल आला. मग सीपी नाही, असंच ना?

तसं नाही. सीपी असलेल्या दहातल्या एखाद-दुसऱ्या मुलाचा एमआरआय नॉर्मल येतो. निदान मुलाला तपासून होतं, फिल्म बघून नव्हे. पण एमआरआय नॉर्मल असेल, जन्माच्या वेळी काही घडलं नसेल आणि लग्न नात्यातलं असेल (आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत आहेच), तर सीपीसारखा दिसणारा दुसरा आजार आहे का, ते तपासायलाच हवं. प्रश्न १७ जरूर वाचा.

५. माझा मुलगा चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. १९९७ पासून जगभर सीपीच्या पाच पातळ्या मानल्या जातात. पहिल्या पातळीतलं मूल चालतं, पळतं, फक्त चपळाई कमी. दुसऱ्यात चालतं, पण जिना चढायला कठडा लागतो. तिसऱ्यात हातात काठी किंवा वॉकर. चौथ्यात स्वतःहून फिरणं मुख्यतः चाकाच्या खुर्चीवर. पाचव्यात मान सावरायलाही आधार लागतो. थेरपिस्टला पातळी विचारा. ‘माइल्ड’, ‘सिव्हिअर’ या शब्दांवरून पुढचं काहीच कळत नाही.

दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसायला लागलेली बहुतेक मुलं पुढे काही ना काही चालतात. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत ६५७ मुलांच्या वाढीचा माग ठेवून २००२ मध्ये आलेख तयार झाले. मूल आपल्या पातळीला शक्य असलेल्या मोठ्या हालचालींपैकी सुमारे ९० टक्के साधारण पाच वर्षांपर्यंत मिळवतं, गंभीर पातळीत त्याहूनही लवकर. म्हणून पाचव्या पातळीतल्या दहा वर्षांच्या मुलाला ‘सहा महिन्यांत चालवून दाखवतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणि एक मनापासून सांगायचं आहे. चालणं म्हणजेच सगळं नव्हे. खुर्चीवरून शाळेत जाणारा, मित्र असलेला, ज्याचं पोट नीट भरतं आणि ज्याला वेदना नाहीत असा मुलगा, घरात दोन माणसांनी धरून रोज रडत चार पावलं चालवलेल्या मुलापेक्षा चांगलं आयुष्य जगतो.

६. सीपी बरी होते का?

मेंदूतली इजा भरून काढणारं औषध आज नाही. वेदना, आखडलेले सांधे, सरकलेला खुबा, कुपोषण, बोलता न येणं आणि घरात कोंडून राहणं या सगळ्यावर मात्र करता येण्यासारखं खूप आहे. वेळ आणि पैसा तिथे घाला.

७. फिजिओथेरपीला रोज न्यायचं का? तेल लावून मालिश चालेल?

वर्षानुवर्षं रोज क्लिनिकमध्ये नेऊन तासभर दुसऱ्याने हातपाय हलवून घेण्याचा फायदा फार थोडा. अभ्यासात टिकलेली पद्धत वेगळी आहे: मुलाला स्वतःला हवं असलेलं एक नेमकं काम निवडायचं आणि ते त्याच्याकडूनच, खऱ्या जागी, खूप वेळा करून घ्यायचं. ‘पायाची ताकद वाढवणं’ यापेक्षा ‘मोरीपर्यंत स्वतः जाणं’ हे ध्येय बरं. थेरपिस्टकडे ठरावीक दिवसांनी जा, तंत्र शिका, उरलेलं घरी करा.

एका बाजूचा हात दुबळा असेल तर चांगल्या हातात रोज काही वेळ मोजा चढवून दुबळ्या हाताला कामाला लावतात, किंवा दोन्ही हातांची कामं देतात. आपल्या घरातलं उत्तम काम म्हणजे भुईमुगाच्या शेंगा फोडणं. दुबळ्या हाताने शेंग धरायची, चांगल्याने दाबायची, दाणे वाटीत टाकायचे. सुरुवातीला शेंगा पाण्यात भिजवून मऊ करून द्या. दुबळ्या हातातून शेंग निसटत राहते, मूल चिडतं, आणि आई पटकन स्वतः फोडून देते. तेवढं करू नका. पाच शेंगा झाल्या तरी त्या त्याने फोडलेल्या असू द्या. (गिळताना त्रास होणाऱ्या मुलाला अख्खे दाणे खायला देऊ नका.)

मालिशने मुलाला बरं वाटतं, झोप लागते, आईचा हात लागतो, जरूर करा. ताठरपणा त्याने जात नाही. जोर लावून सांधे ओढणं मात्र पूर्ण बंद. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, मांडीचं हाड मोडल्याची उदाहरणं आहेत. डाग देणं तर अघोरीच, त्याने फक्त भाजतं. नवस बोलायचा असेल तर बोला, सिद्धेश्वराला जा, पण फिटचं औषध एका दिवसासाठीही थांबवू नका.

८. स्टेम सेलने मुलं बरी होतात, असा व्हिडिओ पाहिला. शेत विकायला तयार आहोत.

शेत विकू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नियमांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर संशोधनातच करता येतो, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. सीपी त्या मान्य यादीत नाही. जिथे पैसे मागतात तिथे ते संशोधन नाही.

या विषयावर जगात प्रामाणिक काम चालू आहे हेही खरं. नाळेच्या रक्तातल्या पेशींवरच्या नियंत्रित चाचण्यांत काही मुलांच्या हालचालीत थोडी सुधारणा दिसली आहे. पण ती ‘थोडी’ आहे, आणि व्हिडिओत दाखवतात ती पाठीच्या कण्यात टोचायची पॅकेजं म्हणजे ते काम नव्हे.

ऑक्सिजन चेंबरने फायदा होतो का, याचं उत्तर तर केव्हाच मिळालं आहे. कॅनडात १११ मुलांवर चाचणी झाली, २००१ मध्ये निकाल आला: शुद्ध ऑक्सिजन मिळालेली आणि किंचित दाबाची साधी हवा मिळालेली, दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. व्हिडिओतली सुधारणा खरी असूनही श्रेय भलत्यालाच कसं जातं, ते यातून कळतं.

९. मी दिवसभर घरी विडी वळते. वेगळा वेळ काढून व्यायाम जमत नाही. काय करू?

वेगळा वेळ नसला तरी मुलाला ठेवण्याची पद्धत बदलता येते. दिवसभर उताणं पडून राहिलं की पाय एका बाजूला पडतात, पाठ वाकते, नजर फक्त आढ्याकडे. दर अर्ध्या-पाऊण तासाने जागा बदला.

जुनी सोलापुरी चादर इथे फार कामाची. घट्ट गुंडाळी करून दोन ठिकाणी सुतळीने बांधा. मूल पालथं असताना ती छातीखाली, काखेच्या रेषेत द्या, म्हणजे हात पुढे येतात आणि मान वर उचलावी लागते. समोर तुमचं सूप असलं तर ते तुमच्याकडेच बघेल. (तंबाखूची धूळ त्याच्या नाकातोंडात जाणार नाही एवढं अंतर ठेवा, आणि पालथं असताना त्याला एकटं सोडून उठू नका.) कुशीवर असताना तीच गुंडाळी पाठीशी लावा. पाय कात्रीसारखे जात असतील तर बसवताना दोन मांड्यांमध्ये ठेवा. बसवायला भिंतीचा कोपरा चांगला: दोन्ही बाजूंनी खांद्यांना आधार मिळतो, पुढे पाट ठेवला की हात मोकळे.

कडेवर घेताना पाय फाकवून, तोंड बाहेर करून घ्या. आंघोळ, कपडे, जेवण यात ‘हात वर कर’, ‘कूस बदल’ म्हणून पाच सेकंद वाट बघा. तोच व्यायाम.

१०. जेवताना ठसका लागतो, एक घास अर्धा तास. वजनही वाढत नाही.

मांडीवर आडवं करून, मान मागे टाकून भरवणं आधी थांबवा. अन्न श्वासनलिकेत जातं ते त्यामुळेच. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, पायांना आधार, आणि भरवणारा समोर, डोळ्याच्या पातळीवर. पातळ पाणी घशातून फार वेगाने जातं आणि त्याचाच ठसका जास्त लागतो. जरा घट्ट पदार्थ बऱ्याच मुलांना सोपा जातो. आंबील, घाटा, दुधात किंवा आमटीत पूर्ण विरघळेपर्यंत कुस्करलेली मऊ भाकरी, वर तूप. कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी नको, भुकटी घशाला लागते. शेंगदाण्याची ताकद हवी तर कूट अगदी बारीक वाटून आमटीत मिसळा.

वारंवार न्यूमोनिया, जेवताना आवाज ओला-घोगरा होणं, वजन घटणं: यातलं काही असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. काही मुलांना पोटातून नळी लागते. ती आईची हार नाही. नळी बसल्यावर वजन भरतं आणि जेवणाची लढाई संपते.

मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. लाळ गळते, पाणी मागता येत नाही, आणि मग बद्धकोष्ठता. तासातासाला थोडं थोडं पाजा.

११. फिट आली तर काय करायचं?

कुशीवर करा, डोक्याखाली मऊ कापड, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, बऱ्याच फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर गेली तर १०८ लावा. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरात असावा का, ते डॉक्टरांना विचारा. सीपी असलेल्या चारातल्या एकाला फिट्सचा आजार असतो.

सर्वांत फसवी फिट तान्ह्या बाळांत दिसते: झोपेतून उठल्यावर बाळ एकदम दचकतं, मान-हात पुढे आवळतं, सोडतं, पुन्हा आवळतं, असं ओळीने अनेकदा. घरचे म्हणतात, पोटात कळ आली. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा. हे उपचार आठवड्यांनी लांबले तरी मेंदूच्या वाढीचं नुकसान होतं.

१२. काही दुखत नसताना खुब्याचा एक्सरे कशाला?

कारण दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. सीपी असलेल्या तिघांतल्या एका मुलाचा खुबा खोबणीतून हळूहळू सरकतो. पाचव्या पातळीत (पातळ्या प्रश्न ५ मध्ये) दहातल्या नऊ जणांचा. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सगळ्या मुलांचे ठरलेल्या वेळी एक्सरे काढून वेळेत उपचार सुरू झाले, आणि खुबा पूर्ण निखळणं तिथे जवळपास संपलं. मला विचाराल तर सीपीच्या संशोधनातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ना महागडं यंत्र, ना नवं औषध: साधा एक्सरे आणि नोंदवही. तो सोलापुरात सहज निघतो. दोन वर्षांच्या सुमारास पहिला काढा. तिसऱ्या ते पाचव्या पातळीत पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा ३० टक्क्यांहून जास्त भाग खोबणीबाहेर दिसला तर मुलांच्या हाडांच्या सर्जनना दाखवा.

बोटॉक्सच्या इंजेक्शनविषयी थोडक्यात: ताठ स्नायू साधारण तीन महिने सैल होतो. त्या काळात स्प्लिंट आणि सराव झाला तरच उपयोग, नुसती सुई वाया जाते. गुंतागुंतीच्या केससाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

१३. मुलगी बोलत नाही. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत आणखी वेगळं. एकच भाषा ठेवू का?

गरज नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं मागे पडत नाही. आजीशी तेलुगूतच बोला, नाहीतर ती आजीलाच मुकेल.

सीपी असलेल्या चारातल्या एकाला तोंडाने बोलता येत नाही, पण समजतं. पुठ्ठ्यावर सहा चित्रं चिकटवा: पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, नको, बाहेर. ‘नको’ हवंच, ते विसरलं जातं. बोट पोचत नसेल तर नजरेने दाखवू द्या, आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. चित्रांमुळे मूल बोलायचं सोडून देतं ही भीती निराधार आहे.

१४. शाळेने ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून परत पाठवलं.

तसं करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. नकार लेखी मागा. बऱ्याचदा तिथेच सूर बदलतो. नाहीच बदलला तर शिक्षणाधिकारी.

१५. दिव्यांग प्रमाणपत्रावर ३५ टक्केच आले. परीक्षेत लेखनिक मिळणार नाही का?

मिळू शकतो. ४० टक्के आणि वर असेल तर केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत सीपीचं नाव स्पष्ट होतं: मागितला की लेखनिक, आणि तासाला किमान २० मिनिटं जादा. ४० च्या खाली असलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा विकास कुमार निकाल आहे. ४० टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येत नाही, लिहायला अडचण येते हे वैद्यकीय दाखल्याने दिसलं की पुरे. अर्ज परीक्षेच्या बरेच महिने आधी द्या.

१६. कार्ड कुठे काढायचं आणि मिळतं काय? अठरा वर्षांनंतर काय?

दिव्यांगांच्या युनिक आयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करा. कार्ड असलं की संजय गांधी निराधार योजना, एसटी-रेल्वेच्या सवलती, आणि जुन्या करप्रणालीत पालकांना ७५,००० (८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००) रुपयांची वजावट. सर्वांत दुर्लक्षित योजना ‘निरामय’: राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. आधीचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. बिलं जपून ठेवा.

अठरा पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पण सीपी आहे म्हणून पालक लागतोच असं नाही. ज्याला व्यवहार कळतो, फक्त सही करता येत नाही, त्याचा अंगठा चालतो आणि निर्णय त्याचाच. शारीरिक अडचणीसाठी माणसाचा अधिकार काढून घेऊ नका.

१७. आधी जमायचं ते आता जमत नाही. सीपी वाढत नाही म्हणता ना?

मूल असेल तर आधी साधी कारणं बघा: उंची झपाट्याने वाढून स्नायू आखूड पडणं, खुबा, दुखणारा दात, बद्धकोष्ठता, फिटच्या औषधाची गुंगी. ती नसतील आणि शिकलेलं खरोखर मागे जात असेल, तर निदानच पुन्हा तपासा. काही आजार सीपीचं सोंग घेतात आणि त्यातल्या काहींवर उपचार आहेत. एक उदाहरण मुद्दाम देते: सकाळी झोपून उठल्यावर मूल बरं चालतं आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडे होतात, असं रोज होत असेल, तर लेव्होडोपा या औषधाच्या अगदी थोड्या डोसने उतरणारा एक आजार असू शकतो. अशी मुलं वर्षानुवर्षं ‘सीपी’ म्हणून राहिलेली आहेत.

मोठ्या माणसांत वेदना, थकवा, पडणं हे तिशीतच वाढू शकतं. ‘हे असंच असतं’ म्हणून सोडू नका. पीळ पडणारी सीपी असेल आणि हातांना नव्याने मुंग्या, लघवीवरचा ताबा जाणं असं काही दिसलं, तर मानेत मज्जारज्जू दबला असण्याची शक्यता आहे. तातडीने मानेचा एमआरआय.

लग्न, शरीरसंबंध, मूल याविषयी दबक्या आवाजात विचारतात. सीपी असलेल्या अनेक स्त्रियांना निरोगी मुलं होतात. हा प्रश्न डॉक्टरांना स्वतः विचारा, आईला बाहेर बसवून.

१८. दुसऱ्या बाळाला होईल का? टाळता येईल?

बहुतेक घरांत दुसऱ्या बाळाला धोका फार कमी. नात्यातलं लग्न असेल किंवा पहिल्या मुलाचा एमआरआय नॉर्मल असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या. टाळण्यासाठी: दिवस गेल्यावर नाव लवकर नोंदवा, आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन चुकवू नका, ३२ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटविषयी विचारा, आणि बाळ पिवळं दिसलं तर कोवळ्या उन्हाच्या भरवशावर न राहता बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) तपासा.

उशिरा रडलेल्या बाळाला गार ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर तो तपासला, तेव्हा २०२१ मध्ये उलट निष्पन्न झालं: अपंगत्व टळलं नाही आणि मृत्यू जास्त झाले. परदेशातला उपचार आपल्याकडे तसाच चालेल असं धरता येत नाही, म्हणूनच इथलं संशोधन लागतं.

१९. गड्ड्याच्या जत्रेला नेऊ का? लोक बघत राहतात.

न्या. बघू द्या. शोभेच्या दारूकामाने दचकत असेल तर लांब उभे राहा, कानाला कापूस लावा. जागा त्याचीही आहे. कोलकात्याच्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये सीपी आहे म्हणून विमानातून उतरवलं होतं; त्या लढल्या आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

२०. मुलाला संशोधनात सहभागी करायचं म्हणतात. हो म्हणू का?

म्हणू शकता, पण चार गोष्टी विचारून. भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत त्याचा क्रमांक आहे का? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? तुमच्याकडून पैसे मागतात का (मागत असतील तर उठा)? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? संमतीपत्र तुमच्या भाषेत, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असेल तर त्या भाषेत, घरी नेऊन वाचायला मिळालं पाहिजे. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सात वर्षांवरच्या मुलाला समजत असेल तर त्याचीही संमती घ्यायची असते, आणि बोलता येत नसेल तर चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून दिलेला ‘नको’ही मानायचा असतो.